एका घरातले दोन रिपोर्ट

प्रश्न : मॅडम, मी ४३ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिकवते. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. नवरात्रात आमच्या सोसायटीत तपासणी शिबिर होतं, तिथे मी आणि धाकट्या दिरांनी तपासायला रक्त दिलं. त्यांचं वय ३१, अंगाने सडपातळ. त्यांचं बिलिरुबिन २.१ आलं, त्यात डायरेक्ट ०.४. लिव्हरचे बाकीचे आकडे आणि हिमोग्लोबिन नॉर्मल. माझं बिलिरुबिन फक्त ०.३, पण एचएस-सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा आकडा, ५.२ आहे. हिमोग्लोबिन १०.१, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.०. त्या आठवड्यात माझी दाढ सुजली होती, तेवढं सोडलं तर काही त्रास नव्हता.

दिरांचे नऊ दिवसांचे उपवास होते. रिपोर्ट बघून सासूबाईंनी कावीळ म्हणून त्यांचं हळद, तेल, तिखट बंद केलं. दोन आठवडे उकडलेलं जेवण आणि उसाचा रस चालू आहे, भूक मेली म्हणतात. शेजारच्या गावात नाकात थेंब घालून कावीळ काढतात, तिथे एकदा नेऊन आणलं. नाकातून खूप पिवळं पाणी गेलं. रविवारी परत बोलावलंय. इकडे मी मोबाईलवर वाचलं की बिलिरुबिन शरीरातला दाह कमी करतं आणि लठ्ठ माणसांत ते कमी असतं. शिबिरात आलेल्या एका बाईंनी ते वाढवायला स्पिरुलिनाच्या कॅप्सूल सुचवल्या, महिन्याला दोन हजारांच्या. म्हणजे ज्यांचं जास्त ते आजारी आणि जिचं कमी तीही आजारी, हे कसं? मी कॅप्सूल घेऊ का? दिवसाला पाचेक कप चहा सोडला तर मला दुसरं व्यसन नाही. आणि दिवाळी तोंडावर आलीय, दिरांना फराळ द्यावा का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी रविवारचं ते नाकातल्या थेंबांचं रद्द करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

असे थेंब बहुतेकदा देवडांगरीच्या फळाचे असतात. कडूजहर. नाकाच्या आतलं अस्तर फार नाजूक असतं, त्याला ते झोंबतं, अस्तर सुजतं आणि पाझरायला लागतं. तो पाझर पिवळसर असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं कावीळ गळून चालली. बिलिरुबिनला नाकाकडे जायची वाटच नाही. ते लिव्हरमधून पित्तात आणि पित्तातून आतड्यात जातं. माझ्याकडे एक कॉलेजचा मुलगा आला होता, दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे, डोळे सुजलेले, घशाखाली पाणी उतरत नव्हतं. चार दिवस तो तोंडाने श्वास घेत झोपला. त्याचं बिलिरुबिन थेंबांआधी १.९ होतं, नंतरही तेवढंच. त्याची आई मला म्हणाली, "पण किती पिवळं निघालं हो!" त्या माउलीला मी दोष देत नाही. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणणार?

आता दिरांचा आकडा. एकूण २.१, त्यात डायरेक्ट ०.४, म्हणजे उरलेलं १.७ इनडायरेक्ट. हा फरक समजला की निम्मी भीती जाते. आपल्या रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. मेली की तिच्यातलं लोह शरीर काढून ठेवतं आणि जो सांगाडा उरतो त्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन होतं. पाय टेबलाला आपटल्यावर पडलेला काळानिळा डाग आठवडाभरात हिरवट आणि मग पिवळा होतो ना, तेच काम तिथे कातडीखाली आपल्या डोळ्यांसमोर चाललेलं असतं. असं २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन रोज तयार होतं. हे ताजं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून लिव्हरपर्यंत येतं. ते इनडायरेक्ट. लिव्हर त्याला साखरेपासून बनलेला रेणू चिकटवतं, मग ते पाण्यात विरघळून पित्तात जातं. ते डायरेक्ट.

काहींच्या लिव्हरमध्ये हा चिकटवण्याचा वेग जन्मतःच कमी असतो, साधारण इतरांच्या एक तृतीयांश. त्याला जिल्बेर सिंड्रोम म्हणतात. पॅरिसच्या ऑगस्टिन जिल्बेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. शंभरात तीन ते दहा माणसांत हे सापडतं. लिव्हर ठणठणीत असतं, आयुष्य कमी होत नाही, औषध लागत नाही. फक्त पोटात अन्न कमी गेलं, पाणी कमी पडलं, ताप आला, फार दमणूक झाली की आकडा चढतो. पूर्वी या निदानासाठी डॉक्टर माणसाला दोन दिवस जेमतेम ४०० कॅलरी खायला देऊन बघायचे, बिलिरुबिन दुपटीच्या आसपास जातं का. तुमच्या दिरांनी नवरात्रात न ठरवता हीच परीक्षा दिली. आणि त्यानंतर आपण काय केलं? बेचव उकडलेलं ताट समोर ठेवून भूक मारली. ज्या पथ्याने आकडा उतरावा म्हणून सासूबाई धडपडताहेत, तेच पथ्य आकडा वर धरून ठेवत असणार. त्यांना हे समजावताना "तुमचं चुकलं" असं म्हणू नका. ज्या पिढीने साथीच्या काविळीत माणसं जाताना पाहिली, तिच्या मनातली ही भीती खरी आहे.

दिरांना दहा दिवस घरचं नेहमीचं जेवू द्या, दोन वेळा पोटभर, भरपूर पाणी. उसाचा रस मुद्दाम पाजायची गरज नाही. रस्त्यावरचा तर नकोच. त्यातल्या बर्फाने आणि पाण्याने खरी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, घरात यायची. मग बिलिरुबिन, एसजीपीटी (लिव्हरला इजा आहे का ते सांगणारी तपासणी), हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी) करून जवळच्या फिजिशियनना दाखवा. रेटिक्युलोसाइट अशासाठी, की लाल पेशी फार भराभर फुटत असतील तरीही इनडायरेक्टच वाढतं, ती शक्यता खोडली पाहिजे. निदान जिल्बेरचंच झालं तर ते कागदावर लिहून घ्या आणि फाईलला लावा. काही मोजक्या औषधांच्या वेळी, उदाहरणार्थ कॅन्सरच्या इरिनोटेकॅनच्या वेळी, डॉक्टरांना ते माहीत असलेलं बरं. लघवी चहाच्या पाण्यासारखी गडद झाली, शौच मातकट पांढरी झाली, अंगाला खाज सुटली, ताप किंवा उलट्या आल्या, तर मात्र दहा दिवस थांबायचं नाही. नुसत्या जिल्बेरमुळे यातलं काही होत नाही. इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरतच नाही.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत : हिमोग्लोबिन १०.१.

तुम्ही मोबाईलवर जे वाचलंत ते खोटं नाही. कितीतरी वर्षं बिलिरुबिनला निव्वळ कचरा समजत होते. १९८७ मध्ये रोलंड स्टॉकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते पेशींना गंज चढू न देणारं, म्हणजे अँटिऑक्सिडंट आहे. १९९४ मध्ये अमेरिकन हवाई दलातल्या वैमानिकांच्या पाहणीत, ज्यांच्या हृदयाच्या धमन्या तुंबल्या होत्या त्यांच्यात बिलिरुबिन कमी सापडलं. पुढे अमेरिकेत, कोरियात, जपानमध्ये मोठमोठ्या लोकसमूहांत हेच दिसत गेलं : कंबर रुंद, वजन जास्त, सीआरपी वर, तिथे बिलिरुबिन बहुधा खाली. प्रयोगशाळेतही बिलिरुबिन दाहाच्या साखळीतल्या काही कड्या सैल करतं.

पण ताई, "सोबत दिसतं" आणि "त्याच्यामुळे होतं" यांत मोठी दरी आहे, आणि दोन हजारांची कॅप्सूल नेमकी त्या दरीत विकली जाते.

दाह कुठून येतो ते बघा. पोटाभोवतीची चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. चरबीची पेशी फुगत गेली की तिला ऑक्सिजन पुरत नाही, काही पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती पांढऱ्या रक्तपेशी कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते खरंच मुकुटासारखं दिसतं. १९९३ मध्ये उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा पदार्थ सापडला आणि तो इन्सुलिनचं काम अडवतो हेही कळलं. पांढऱ्या पेशी चरबीत अशी गर्दी करतात हे २००३ मध्ये कळलं. तिथून निघालेला इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप लिव्हरला पोचतो आणि लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. पोटातल्या चरबीचं रक्त तर थेट लिव्हरच्याच शिरेत जातं. हा दाह जखमेच्या सुजेसारखा ठणकत नाही. गोवरी आतल्या आत धुमसावी तसा असतो, वर्षानुवर्षं. तुमची साखर सीमेवर आली आहे, तिच्यामागेही हेच असू शकतं.

मग बिलिरुबिन कमी आहे म्हणून दाह, की दाह आहे म्हणून बिलिरुबिन कमी? दाहाच्या वातावरणात अँटिऑक्सिडंट खर्च होतात, त्यात बिलिरुबिनही असू शकतं. धूम्रपानाने ते खाली जातं. आणि तिसरी गोष्ट, जी मोबाईलवरच्या लेखांत क्वचितच असते : बिलिरुबिन ज्या कच्च्या मालातून बनतं तो कच्चा मालच कमी असेल तर? लोह कमी, लाल पेशींत रंगद्रव्य कमी, म्हणून बिलिरुबिनही कमी. तुमचं ०.३ समजून घ्यायला मला आधी तुमचं १०.१ दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया ॲनिमिक निघाल्या. आपल्याकडे १०.१ ला "बायकांचं असतंच की तेवढं" म्हणायची सवय आहे. नसतं, ताई. पायऱ्या चढताना लागणारी धाप आणि संध्याकाळचा गळाठा वयामुळे आहे असं आपण स्वतःला सांगत राहतो.

कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ओळखायची एक युक्ती शास्त्रज्ञांना निसर्गानेच दिली आहे. जिल्बेरवाल्यांचं बिलिरुबिन जन्मापासून जास्त, आणि ते त्यांच्या खाण्यापिण्यामुळे नव्हे, जनुकामुळे. बिलिरुबिन खरोखर ढाल असेल तर या लोकांना हृदयविकार स्पष्टपणे कमी व्हायला हवेत. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच तपासलं, आणि जनुकामुळे वाढलेल्या बिलिरुबिनने हृदयविकारापासून संरक्षण मिळत असल्याचं त्यांना आढळलं नाही. त्याआधी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत उलट दिसलं होतं. म्हणजे निकाल अजून लागलेला नाही, आणि न लागलेल्या निकालावर महिन्याला दोन हजार घालू नयेत असं मला ठामपणे वाटतं. स्पिरुलिनात बिलिव्हर्डिनच्या जवळपासचा एक निळा रेणू असतो हे खरं, तिथूनच ही कल्पना निघाली. पण तुमच्या पोटात धुमसणारी ती गोवरी कॅप्सूलने विझत नाही. शिवाय "दाह कमी करणारं", "लिव्हर साफ करणारं" म्हणून मिळणारं सगळंच निरुपद्रवी नसतं. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती. त्यावर वादही झाला, पण मी तेव्हापासून प्रत्येक पेशंटला विचारते, सकाळी उपाशीपोटी काय काय घेता?

सीआरपी ५.२ बद्दल : घाबरू नका, आणि विसरूही नका. एचएस-सीआरपी १ च्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, असं मानतात. पण ही तपासणी अंगात कुठेही संसर्ग नसताना करायची असते. तुमची दाढ सुजली होती. एका दाढेने ५.२ सहज येतं. हिरड्यांचा जुनाट आजार असेल तर तो कायमच सीआरपी चढवतो. तेव्हा आधी दंतवैद्य, आणि दाढेचं काम संपल्यावर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी, शक्यतो दोनदा. तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी सहसा बायकांना हे एकट्यात विचारते : मिसरी लावता का? लावत असाल तर हिरड्यांसाठी पहिलं औषध ती डबी बंद करणं हेच आहे.

हिमोग्लोबिनसाठी सीबीसी आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करा, पण त्यात एक मेख आहे. दाह असला की फेरिटिन खोटं खोटं चढतं, आणि लोह कमी असूनही रिपोर्ट "नॉर्मल" म्हणतो. दाढेचा प्रश्न सुटल्यावर सीआरपीबरोबरच फेरिटिन करा आणि दोन्ही कागद डॉक्टरांना एकत्र दाखवा. लोह कमी असताना एचबीएवनसी सुद्धा थोडं वर दिसू शकतं, म्हणून उपाशीपोटीची साखरही बघून घ्या. आणि लोह का कमी पडलं हेही विचारा. पाळीला फार जात असेल, गाठी पडत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय नुसत्या गोळ्या म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २८.३ येतो. जगाच्या मापाने "जास्त वजन", भारतीयांसाठीच्या मापाने २५ च्या पुढे, म्हणून लठ्ठपणाच. बायकांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, तुमची ९४. आपली मापं वेगळी का, याचा एक पुरावा पुण्याचा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण दिसायला बारीक असतो तेव्हाही आत चरबी बाळगून असतो. हे तुमच्या सडपातळ दिरांनीही ध्यानात ठेवावं. जास्त बिलिरुबिन म्हणजे त्यांना कवच मिळालं असं नाही.

म्हणून तुमचं लक्ष्य बिलिरुबिन नाही, कंबर. ६८ किलोतले साडेतीन किलो गेले तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते. पाच ते सात किलोंनी लिव्हरमधली सूजही कमी होते. सहा महिने घ्या. पंधरा दिवसांत दहा किलोवाल्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका, झपाट्याने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात. वजन उतरल्यावर बिलिरुबिन बहुधा थोडं आपोआप वर येतं. उपाशी राहूनही ते वर येतं, त्याचा आरोग्याशी संबंध नाही. म्हणून उपास करून आकडा चढवणं म्हणजे ताप मोजताना थर्मामीटर चहात बुडवण्यासारखं आहे.

आणि तुमच्या एका ओळीवर मी पेनाने खूण केली आहे : पाचेक कप चहा. प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, दोनशेच्या आसपास कॅलरी, रोज. त्याहून वाईट म्हणजे जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. तुम्ही लोहाच्या गोळीवर पैसे घालाल आणि मधल्या सुट्टीतला चहा ते धुऊन नेईल. पाचाचे दोन करा, एका चमच्याचे, आणि डब्याच्या आधी-नंतर तासभर चहा नको. स्टाफरूममध्ये हे अवघड आहे, मला कल्पना आहे, तिथे चहा म्हणजे नुसता चहा नसतो. कप हातात घ्या, गप्पा मारा, पण ती वेळ डब्यापासून लांब ढकला. डब्यात मटकीची उसळ, हरभरे, चालत असेल तर अंडं असू द्या, आणि वर लिंबू पिळा, लोह नीट लागतं. रात्री जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवा आणि आधी वीस मिनिटं चालून या. भांडी घासायला घरात दोन पुरुष आहेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहादा, दिवसातून दोनदा. यापलीकडे सध्या काही नको. पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्या, लिव्हरवर चरबी किती आहे ते कळेल.

राहिला फराळ. दिरांना चकली द्या, हळद घातलेली भाजी द्या, लाडू द्या. नरकचतुर्दशीला अभ्यंग झाल्यावर रिकाम्या पोटी ताटकळत ठेवू नका, पहिलं ताट त्यांनाच वाढा. सासूबाईंची खात्री पटत नसेल तर दहा दिवसांनंतरचा रिपोर्ट आला की दोन्ही कागद त्यांच्यासमोर शेजारी ठेवा. नवरात्रातला आणि दिवाळीनंतरचा.